पाचपेक्षा कमी

त्र्यंबक नाक्याजवळ, दुसऱ्या मजल्यावर,
मी नावं पुसते.
आधी नाव, मग आधार, मग घरनंबर,
मग जन्मतारीख पाच-पाच वर्षांच्या डब्यात.
तेहतीस वर्षांची बाई माझ्या टेबलावरून उठते
तेव्हा तीस ते चौतीस झालेली असते.
हाक मारली तरी वळणार नाही, इतकी.

सासूबाई विचारतात, दिवसभर करतेस तरी काय?
सांगितलं एकदा. म्हणाल्या,
"खोडायचा पगार देतात होय?"

खोडण्याचेही नियम आहेत.
एखाद्या चौकटीत पाचपेक्षा कमी माणसं आली
तर आकडा लिहायचा नाही, चांदणी काढायची.
चाळीस उंबऱ्यांच्या पाड्यावर
दोन हा आकडा नसतो,
दोन म्हणजे ती, आणि तिची धाकटी जाऊ.
विहिरीवर सगळ्यांना कळतं.

मागच्या खोलीत बेंडकुळे मॅडम बसतात.
मोबाईल बाहेरच्या कप्प्यात, चावी माझ्याकडे.
पेन ड्राइव्ह चालत नाही, इंटरनेट नाही,
कागद बाहेर न्यायचा तर ओळन् ओळ मी तपासायची.
त्यांनी कधी तक्रार केली नाही, पंख्याचीसुद्धा.
मंगळवारी मात्र चष्मा काढून ठेवला.
"गांगुर्डे बाई, पेठच्या बाजूला
बायकांचे दिवस भरत नाहीयेत.
मला वाटतं पाण्यात काहीतरी आहे.
पण तुम्ही तर मला नुसतं आभाळ दिलंय.
सगळ्या चांदण्याच."

नियम दाखवला. तो त्यांना पाठ होता.
भांडल्या असत्या तर सोपं गेलं असतं.

सासऱ्यांच्या अस्थी घेऊन रामकुंडावर गेलो होतो तेव्हा
उपाध्यांनी गाव विचारलं, आडनाव विचारलं,
लाल फडकं सोडून लांबट वही काढली
आणि चार पानं उलटून
सासऱ्यांच्या आजोबांचा अंगठा दाखवला.
शाई तपकिरी, रेषा अजून मोजता येतील अशा.
नवरा रडला. मी शेजारच्या पानाकडे मान वळवली.
उपाध्यांनी त्यावर तळवा ठेवला,
माशी बसू नये म्हणून ताटावर धरावा तसा.
"ते तुमचं नाही."
तिथे भिंतीवर कसलंच परिपत्रक नव्हतं.

बुधवारी तालुक्यांचा नकाशा मी बाजूला सारला.
तालुक्याची रेघ कुणा साहेबाने आखलेली,
पाण्याला काय ठाऊक.
एकाच ओहोळाला लागून तीन पाडे होते,
त्यातला एक रेघेपलीकडे, हरसूलच्या अंगाला.
दोन. चार. तीन.
एका चौकटीत बांधले. नऊ.
मग उलटं करून पाहिलं:
एकूण बेरजेतून वजा करत करत
कुणी पुन्हा त्या विहिरीपर्यंत पोचतंय का?
दोनदा पाहिलं. जेवायच्या सुट्टीत तिसऱ्यांदा.
नाही पोचत.
नवांमधली जाऊ कुणाला ओळखू येणार नाही,
ओहोळ मात्र येईल.

साहेबांनी सहीला तीन दिवस लावले,
त्यातला एक चहावर गेला.
मॅडम त्या एकाच चौकटीकडे बराच वेळ बघत बसल्या,
मग वहीत काही न लिहिता म्हणाल्या,
"उद्या बाटल्या घेऊन जाते. पाणी भरायला."

आमच्याकडेही आली होती, सिडकोतल्या घरी,
सर्वेक्षणाची मुलगी, उन्हातान्हाची, पाठीला सॅक.
"किती वेळा दिवस गेले होते, ताई?"
सासूबाई समोर शेंगा सोलत होत्या.
मी म्हटलं, एकदा.
मग पाण्याचा तांब्या विसरल्याचं निमित्त करून
जिन्यात गाठलं तिला. दोनदा लिही.
तिने मान न उचलता खोडलं, दोन केलं.

ती ओळही माझ्याच टेबलावरून गेली असणार,
तीस ते चौतीस, नाशिक शहर, दोन.
शोधायला एक मिनिटही लागलं नसतं.
मी शोधली नाही.
तळवा की-बोर्डवर होता,
तो थोडा वेळ तिथेच राहिला.