दुसरीतनं तिसरीत

धक्का कुठं बसतो ते आधी नीट सांगा, म्हटलं.
हुक्केरी बाई म्हणाल्या, पाठीत.

उद्यमबागेत त्या दिवशी लाईट नव्हती,
शेजारची फौंड्री गप्प,
म्हणून गाडी ऐकता आली.
पिरनवाडी ओलांडली, मच्छेवरनं वळलो.
पहिलीतनं दुसरीत: लोण्यात सुरी.
दुसरीतनं तिसरीत: खालनं कुणी
हातोडा घालावा तसं, एकदाच,
आणि मग काही झालंच नाही असा चेहरा करून
गाडी पुढं.

पेटी बदललेली. कोल्हापुरातनं आणलेली,
कुठल्याशा ठोकलेल्या गाडीची,
चाळीस हजार चाललेली म्हणे.
बसवणारा म्हणतो, पेटीच खराब.
देणारा म्हणतो, बसवणारा अडाणी.
बाई मध्ये, बिलं दोघांची.

तेल बघितलं. लाल, जळका वास नाही,
बोटांत चोळलं तर कण नाही.
माउंटिंग पहारीनं हलवून बघितली.
अर्थिंगची वायर घासून पुन्हा आवळली.
मग प्रेशरचं घड्याळ लावलं, आणि काटा
गरज नसताना चढलेला.

सिद्रायानं स्कॅनर जोडला.
"मामा, हे अजून जुन्या पेटीचाच हिशोब धरून बसलंय की."

जुनी पेटी झिजलेली. तिच्या प्लेटी घसरायच्या,
म्हणून ह्या डब्यानं वर्षानुवर्षं, थोडा थोडा
दाब वाढवत नेला, तिला सांभाळून घेतलं.
ती भंगारात गेली. ह्याला कुणी कळवलंच नाही.
तिच्या वाट्याचा जोर
आता हिच्या अंगावर घालूलालंय.

पुसायला दोन मिनिटं लागली.
सिद्राय हसला. मला जमलं नाही.
आमचा म्हातारा फौंड्रीत कानानं गेला होता,
घरात सगळे ओरडूनच बोलायचो.
त्याला जाऊन सात वर्षं झाली.
बायको अजून म्हणते, किंचाळता कशाला,
मी इथंच आहे, चुलीपाशी.

पुसलं म्हणजे झालं नाही.
आता हलक्या पायानं चालवायची,
साठवर न्यायची, ब्रेक न दाबता सोडून द्यायची,
थांबायची, परत. पंधरा-वीस वेळा.
खानापूर रोडवर हे कोण करू देतंय?
मागं ऊसाचा ट्रॅक्टर, पुढं तिसरं गेट बंद.
गेटात उभं राहून मालगाडीचे डबे मोजले,
सत्तेचाळीसला विसरलो.

संध्याकाळी तिसरी बरी पडू लागली.
गार इंजिनला अजून एक टपली आहे,
कुणी दारावर बोट वाजवावं एवढी.
ती डब्याची का पेटीची, आज सांगता येणार नाही.
कागदावर तसंच लिहिलं.

बाईंनी खाली वाकून विचारलं, "आत एनरी?"
झालं का?
मी मुद्दाम हळू आवाजात म्हटलं,
"आगतैती."
त्यांना ऐकू गेलं नाही.
परत सांगावं लागलं.