साडेसातच्या खाली

परसोडीच्या आयटी पार्कात, तिसऱ्या मजल्यावर
मी दिवसभर लोकांची आजारपणं वाचते.
स्कॅन केलेली, तिरकी, कधी अंगठ्याच्या सावलीसकट.
वर्ध्याचा अपेंडिक्स, गोंदियाचा डेंग्यू,
भंडाऱ्याच्या एका मास्तरांचा मोतीबिंदू:
डावा मंजूर, उजव्याचं बिल दोनदा जोडलंय.

डोळ्यांत तेल घालून काम कर, आई म्हणायची.
इथे तेल नाही, एसी आहे.
बाहेर सेहेचाळीस, आत अठरा,
आणि दोहोंच्या मध्ये माझी बुबुळं
गच्चीवरच्या मुगवड्यांसारखी वाळत घातलेली.
चार वाजेपर्यंत अक्षरांना शेपट्या फुटतात.
तिनाचे आठ होतात.
आठाचं काही होत नाही, तो आधीच
कोणाचं तरी बिल फुगवून बसलेला असतो.

सगळ्यात जास्त वेळा मी पाठवलेलं वाक्य:
‘चष्म्याचा नंबर साडेसातच्या खाली असल्याने
उपचार पॉलिसीत बसत नाही.’
माझा स्वतःचा नंबर उणे सव्वादोन.
म्हणजे साडेसातीला अजून सव्वापाच बाकी.

शेजारच्या खुर्चीवरचा रोशन तितरमारे म्हणाला,
‘डोळे पाहा तुझे, मिरची गेल्यासारखे.
आपलं कार्ड वाचलं का कधी?’
नव्हतं वाचलं.
जगाच्या अटी पाठ, स्वतःचं कार्ड ड्रॉवरमध्ये
सॉसच्या पुड्यांखाली.
मागच्या बाजूला, शेवटून तिसरी ओळ:
बाह्यरुग्ण तपासणी, वर्षाला पाच हजार, डोळे धरून.
एक डोळा झाकून वाचली.
मग दुसरा झाकून.

शनिवारी धंतोलीत डॉक्टर चांदूरकर बाईंनी
पापणीच्या कडेत कागदाची पट्टी अडकवली.
किती पाणी येतं ते मोजतात म्हणे तिच्यावर.
पाच मिनिटांनी पट्टी चार मिलिमीटर भिजली होती.
‘निदान दहा हवी,’ त्या म्हणाल्या.
मला वाटायचं, मी बरीच रडते.

‘स्क्रीनपुढे पापणी लववायची विसरता तुम्ही.’
पापणी लवते न लवते तोच काय काय घडतं, असं ऐकत आले.
माझी तर लवतच नव्हती,
आणि तरी तीन वर्षं गेली.

थेंब, दिवसातून चारदा.
दर वीस मिनिटांनी लांब बघायचं, वीस सेकंद.
आमच्या खिडकीतून लांब म्हणजे
एक अर्धवट बिल्डिंग, तिच्यावर क्रेन, क्रेनवर घार.
घारीच्या मागे काही नाही.
तिथपर्यंत पोचायला अकरा सेकंद लागतात,
पंधराव्या सेकंदाला सॉफ्टवेअर लिहितं: निष्क्रिय.

पैसे आले. तपासणीचे सहाशे, थेंबांचे तीनशे वीस.
पहिल्यांदाच त्या ‘मंजूर’च्या पलीकडून
तो शब्द कसा दिसतो ते पाहिलं. बरा दिसतो.
चष्म्याची फ्रेम नामंजूर.
पत्रातलं वाक्य आमच्याच साच्यातलं,
सही तेवढी पुण्याच्या कोणाची तरी.
राग आला नाही.
थोडा आला.

घरी बाबा बाटली उलटीपालटी करून बघत होते.
हिंगण्याला सव्वीस वर्षं वेल्डिंग केलं त्यांनी.
रात्री डोळ्यांत वाळू भरल्यासारखं व्हायचं,
आई कच्च्या बटाट्याच्या चकत्या ठेवायची
आणि सकाळी त्या काळ्या पडलेल्या असायच्या.
‘आमच्या टाइमले बटाटाच विमा होता,’ ते म्हणाले,
‘अन् त्याले फारम नाही लागे भरा.’

मग जरा थांबून, भिंतीकडे बघत,
‘हे टाकलं का गार वाटते का गा?’

मी म्हटलं, मान वर करा.
बाटलीचं टोक पापणीला न लावता
एक थेंब उजव्यात, एक डाव्यात.
ते लहान मुलासारखे डोळे मिटून बसले.
पॉलिसीत त्यांचं नाव नाही,
वय जास्त म्हणून हप्ता परवडला नव्हता.
बाटलीवर मात्र नाव माझंही नाही.