नाव-दुरुस्ती

दाखला बाराव्या दिवशी मिळाला. कन्नडमध्ये.
घरात ते वाचणारी एकच, सातवीतली तन्मयी.
बोट ठेवत ठेवत ती खाली आली
आणि एका ओळीवर थांबली.
बाबा, आजोबांचं नाव चुकलंय.
बुधाजी नाही हे. बूदाजी.
बूदि म्हणजे राख.

कुणी काही बोलेना.
आईनं पदर तोंडाशी नेला. वाटलं, आता रडणार.
तर ती हसत होती.
म्हणाली, कुणीतरी बघून लिहिलंय.
चाळीस वर्षं बनियन मी धुतलेत त्यांचे.

एकोणिसाव्या वर्षी आंबोलीचा घाट चढून आले,
ट्रकमध्ये, काजूच्या पोत्यांवर बसून.
पत्र्याची ट्रंक, पटाशी, रंधा,
आणि कानामागं सुताराची चपटी पेन्सिल.
उद्यमबागेत लाकडाचे साचे करायचं काम होतं.
पुढं लाकूड सुटलं, वाळूत उतरले.
तिथून घरी यायचे ते भुवया करड्या घेऊन,
आणि न्हाणीत पहिला तांब्या ओतला की
पाणी काळं, मग तांबूस, मग पाणी.

एका रविवारी मला भट्टीवर नेलं.
ओल्या वाळूत दाबलेलं लाकूड हलक्या हातानं उचललं
आणि म्हणाले,
"लाकूड काढून घेवचा असता, झिला.
रिकामी रवता ती जागा खरी."
मी नऊ वर्षांचा. मला गोळी सोडा हवा होता.

गावी गणपतीला गेले की भाऊबंद म्हणायचे, इलो घाटी.
इथं अनगोळच्या चाळीत ते कोकण्या.
दोन्हीकडं हसून घ्यायचे.
गावच्या घरात त्यांचा वाटा उरला होता
एका फणसाच्या दक्षिणेकडच्या फांद्यांपुरता,
आणि त्याचेही गरे दरवर्षी कुणीतरी आधीच खाल्लेले.

एक नोव्हेंबरला बाजार बंद असायचा.
हे दंडाला काळी फीत बांधून कामावर जायचे.
शेजारच्या मोल्डरच्या खिशाला लाल-पिवळी.
कपोला पेटला की दोघं एकाच पळीला धरायचे,
एक इकडून, एक तिकडून.
रसाला थांब म्हणता येत नाही
कुठल्याच भाषेत.
संध्याकाळी काय बोलायचे कुणास ठाऊक.
त्या दिवशी ते उशिरा यायचे, एवढं आठवतं.

कन्नड शब्द त्यांना मोजून सात यायचे.
नीरु, बेंकी, निधान, साकु,
बाकीचे तीन आमच्यासमोर बोलायचे नाहीत.
बसची पाटी वाचता येईना, म्हणून
ड्रायव्हरच्या तोंडावरून बस ओळखायचे.
मागच्या वर्षी नातीचा हात धरून स्टँडवर उभे राहिले.
ती पाट्या वाचत गेली, खानापूर, बैलहोंगल, गोकाक,
आणि हे मान डोलवत राहिले
जणू ही गावं आज पहिल्यांदा सापडली.
रात्री ताटावर भात वाढताना तिला म्हणाले, साकु.
तिनं उच्चार सुधारला. त्यांनी परत म्हटलं. परत वाढला भात.

आज खिडकीवर उभा आहे.
अॅफिडेव्हिट, दोन साक्षीदार, शाळेचा दाखला.
शाळा कुठली, क्लार्कनं कन्नडमध्ये विचारलं.
मी मराठीत सांगितलं.
तो म्हणाला, कोकणातली काय? मग वेळ लागतंय की हो.
आणि चष्मा पुसत पुन्हा कागद बघितला.

बाहेर बाकावर तन्मयी झेरॉक्सवर काहीतरी गिरवते आहे.
बाबा, बघा ना. बू ऱ्हस्व करायचा, ते सोपं.
आणि द चा ध व्हायला
खाली फक्त एक रेघ लागते. इवलीशी.
तेवढीच राहून गेलीय.

त्यांची पेन्सिल आठवली, कानामागची.
फळीवर आखायचे आणि मला बजावायचे,
रेघेवर करवत घालू नको.
रेघ राखून काप.

मुलीनं पेन पुढं केलं.
मी ते हातात घेऊन बसलोय.