नेहमीचं

सियाया, मंगळवार. दवाखान्याच्या व्हरांड्यात
पोटुशा बावीस जणी
आणि माझ्याकडे एकशे चौदा ओळींचा फॉर्म.

"गेल्या चार आठवड्यांत उगाली किती वेळा खाल्लीस?"
अकेयो हसते. "श्वास किती वेळा घेतला
तेही विचार की, बाई."
मी लिहिते : दिवसातून दोनदा.

कागदावर निळ्या काठाची वाटी छापली आहे.
लहान, मध्यम, मोठी.
तिच्या घरी एकच परात,
भोवती चार पोरं, सासू, दीर,
आणि सगळ्यांचे हात.
तुझा वाटा केवढा?
ती हवेत मूठ वळते, जरा सैल करते,
पुन्हा वळते.
मी मध्यमवर खूण करते.
मध्यम म्हणजे, मला कळलं नाही,
हे लिहायची सभ्य रीत.

"अंडी?"
"रोज," माझ्या गळ्यातल्या ओळखपत्राकडे बघत.
शेजारची अपोंडी खोकते.
"कोंबडी आहे माझी," अकेयो म्हणते, "घालतेही."
मग खालच्या आवाजात :
"अंडी बाजारात जातात
आणि साबण होऊन परत येतात."
दोघींच्या नजरा घासाघीस करतात,
आठवड्याला एकावर सौदा तुटतो.

"मांस?"
"गेल्या महिन्यात कोण मेलं गं?"
"ओजुकाचा बाप."
"मग लिही, दोनदा."

ओळ एकसष्ट, चीज. विचारल्याशिवाय शून्य टाकायचं नाही
अशी ताकीद आहे.
"हे कुणाचं नाव?" ती विचारते.

"ओमेना?"
"कधीचा?
सरोवर बंद असतं तेव्हाचा, की जाळी उघडतात तेव्हाचा?
नवऱ्याचे पैसे आले त्या आठवड्यातला,
की नंतरच्या तीन?"
नेहमीचं सांग, असं म्हणतो फॉर्म.
हा शब्द मी धोलुओत तीन तऱ्हांनी विचारून पाहिलाय,
तिन्ही वेळा बायका आभाळाकडे बघतात.

बोलता बोलता ती पदराची गाठ सोडते,
करड्या मातीचा खडा काढते, ओडोवा,
आणि कडकन चावते.
मी पानं उलटते. धान्यं, कंदमुळं, पालेभाज्या,
तळलेलं, डबाबंद, इतर पेयं.
एकशे चौदांत माती नाही.
"ते कशाला लिहितेस?" अपोंडी म्हणते,
"ते काय खाणं आहे? डोहाळे ते."

"किती वेळा?" मी विचारते, कागदाकडे न बघता.

आणि आता आभाळ नाही, सासू नाही, हवेतली मूठ नाही :
"उठल्यावर दोन. पाण्याला जाताना एक.
रात्री तो घोरायला लागला की अर्धा.
रविवारी प्रार्थना संपेपर्यंत नाही.
वीस शिलिंगला सात येतात,
आठवा मागितला तर म्हातारी देते,
पोट बघून."

मी समासात पेन्सिलीने सगळं उतरवते.
समास नैरोबीत कुणी भरून घेत नाही,
ठाऊक आहे मला. तरी ओळ सरळ यावी
म्हणून खाली पट्टी धरते.

उरलेला तुकडा ती माझ्यापुढे करते.
मला सहा वर्षं झाली.
सुकत आलेली भिंत, पाटीवरची पेन्सिल,
विहिरीच्या आतल्या अंगाचा गारवा;
जीभ काही विसरलेली नव्हती.

पुढचं नाव पुकारलं तेव्हा
माझे दात पांढरे होते
आणि बाकावरच्या एकवीसजणी
माझ्याकडे बघून
पहिल्यांदाच हसल्या.