हैमाच्या अलीकडे

आदम सोडल्यापासून हा सातवा पंप.
प्रत्येकाचा एकच फोटो काढतो :
छत, दोन नळ्या, टायरवाल्याचं बंद शटर,
मागे खूप लांबपर्यंत काहीच नाही.

दाभोळचा इनायत टोपी काढतो,
केसांवरून ओला हात फिरवून
सरळ चौकटीतच येऊन उभा.
"पंप कशाला हो? रोजचाच आहे.
ती पांढरी गाडी घ्या,
मालक नमाजाहून येईतो."

बॉनेटवर टेकवलेली बोटं
चटका बसून लगेच उचललेली,
तेवढ्यात क्लिक.

रात्री सलालाला बघतो तर
गाडीच्या काचेत पंप आलाच आहे,
लिटरचा भाव उलट्या आकड्यांत.

त्याच्या बायकोचा नंबर आहे माझ्याकडे.
कापून पाठवू की तसाच,
ठरत नाही.