हातचा

वाल्पाराइसोच्या टेकडीवर, दुसरीच्या वर्गात
तीन आठवडे मी वजाबाकी शिकवतेय.
हातचा कुणालाच धरवत नाही.
रायेनच्या वहीत तर दोनातून सात जातात
आणि पाच उरतात, बिनदिक्कत.

शुक्रवारी पालक येतात. आज तिचे बाबा,
एलेउतेरियो, टेकडीची दोरगाडी चालवणारे.
इवल्या खुर्चीत गुडघे कानांशी आले त्यांचे.
रायेन टोकदारच पेन्सिलीला
पुन्हा टोक करत बसली.

खिशातून काळपट डायरी काढून ते म्हणाले,
"काल सकाळी वर गेले बावन्न.
खाली आले सत्तेचाळीस."
आणि थांबले. माझ्याकडे पाहिलं.
मी उगाच खडू शोधला.

"मग बाकीचे?" मागून इग्नासिओ.
वरच राहिले! झोपले! मावशीकडे जेवायला थांबले!
नुसता कल्ला.
एलेउतेरियोंनी टोपी काढून मांडीवर ठेवली.
"जिन्यानं उतरले असतील," ते म्हणाले,
"उतरताना कोण पैसे देतं?"

रायेन पेन्सिलीलाच सांगावं तसं बोलली,
"आई पण जिन्यानंच उतरली."

कल्ल्यात कुणी ऐकलं नाही.
ऐकलं ते दोघांनी.
त्यातल्या एकाने डायरी मिटली,
पण उठला नाही;
मधली सुट्टी होईपर्यंत त्या खुर्चीतच होता.

सोमवारी तिची वही:
पाचावर काट, वर चार,
दोनाशेजारी बारीकसा एक. उत्तर पाच.
समासात जिना, जिन्यावर पाच माणसं,
शेवटच्या बाईच्या हातात बॅग.

मी उत्तराला बरोबर दिलं.
समासाकडे लाल पेन नेलं नाही.