जास्तीची पायरी

रविवारी सकाळी सात वाजता
झिरो माइलच्या दगडापाशी आम्ही एकोणीस जण जमलो.
चार दगडी घोडे, एक खांब
आणि गळ्यात शिट्टी अडकवलेली तेजल नंदनवार,
वास्तुकलेच्या चौथ्या वर्षाला.
"इथून अंतरं मोजायचे," ती म्हणाली.
एका पोरानं विचारलं, समुद्र किती?
"कुठूनही लांबच."

मी एकतीस वर्षं अनुरेखक होते.
म्हणजे काय, ते आता सांगावं लागतं:
दुसऱ्यानं ओढलेल्या रेघेवर
पारदर्शक कापड ताणायचं
आणि तीच रेघ पुन्हा ओढायची,
श्वास धरून.
मे महिन्यात पंखा बंद, कापड उडतं म्हणून.
कपाळाला रुमाल बांधलेला,
शाईवर घाम पडला तर दिवस वाया.

हे शहर मला वरून माहीत आहे,
घारीला असतं तसं.
भिंत म्हणजे दोन समांतर रेघा,
दार म्हणजे पाव वर्तुळ.
त्या दारांतून आत मी गेले नाही फारशी.

जीपीओसमोर तेजल कमानींबद्दल बोलत होती.
मी पन्हळी बघत होते.
हायकोर्टाच्या घुमटाचे सगळ्यांनी फोटो काढले,
मीही काढला, त्यात माझं बोट आलं.
मग बर्डीची गर्दी ओलांडून
धंतोली.

गल्ली जिथे वळते
तिथे घराची भिंतही वळलेली,
काटकोन टाळून.
वर तीन गोल खिडक्या,
गच्चीला लोखंडी नळ्यांचा कठडा,
खिडक्यांवर भुवईसारखे छज्जे.
"बोटीसारखं केलंय," तेजल म्हणाली,
"एकोणीसशे एकोणचाळीस. तेव्हा तीच हौस होती."
"बाप्पा! बोट इथं आली काऊन?"
"नाग नदीतून आली असन."
हसलो सगळे, नाकाला रुमाल लावल्यासारखे.

मला मात्र घर ओळखू आलं नाही,
फाटकावरचा क्रमांक वाचेपर्यंत.
मग एकदम,
जुन्या वर्गमैत्रिणीचा चेहरा लागावा तसं.
चौऱ्याऐंशीची मोजणी.
बारापात्रे टेप धरून आत आकडे ओरडायचे,
त्यावरून झाला कच्चा नकाशा,
त्यावरून माझा पक्का.
खाली उजव्या कोपऱ्यात
माझी आद्याक्षरं, मुंगीएवढी.

क्रमांकाखाली नोटीस होती.
अकरा मजले होणार आहेत.
चौकीदार डोमाजी म्हणाला,
"पाहून घ्या, पण वरतं जाऊ नोका."
आत थंड होतं.
मोझॅकची फरशी, हिरवी-काळी,
मधोमध ट्यूबलाइटचा चोक पडलेला.
जिना गोगलगाईसारखा वर गेलेला.

सवयीनं पायऱ्या मोजल्या. अठरा.
पुन्हा मोजल्या.
माझ्या कापडावर सतरा होत्या.
सतरा, शपथेवर सांगते,
बाणाचं टोक काढताना निब अडकली होती
सतराव्या रेघेवर.

बारापात्रे आता नाहीत.
दुपारी डबा खाल्ल्यावर त्यांचा आवाज जड व्हायचा,
मधला एखादा आकडा
ढेकरात गेला असेल.
किंवा मीच.
चुकीच्या रेघेवर मी इतक्या जपून हात फिरवला
की ती खरी दिसू लागली,
आणि चाळीस वर्षं शिक्के बसत गेले तिच्यावर.

डोमाजी तंबाखू चोळत होता.
मी तिसऱ्या पायरीवर बसले.
का तिसऱ्या, माहीत नाही,
गुडघा म्हणाला म्हणून.
कडेची पितळी पट्टी झिजून मऊ झालेली.
एवढी पावलं पडली हिच्यावर, बिनानोंदीची.

पाडायला येतील ते माझाच नकाशा घेऊन येतील.
सतरा पायऱ्या काढतील,
कागद जुळेल,
सही होईल.

बाहेर तेजलनं शिट्टी वाजवली.
पुढचा थांब रामदासपेठ, मग चहा.
"काकू, चला ना," ती दारातून म्हणाली,
"काही सापडलं का?"
हो म्हणाले असते,
पण तिच्या हातातल्या माहितीपत्रकावर
घराचा नकाशा छापलेला होता
आणि खाली उजव्या कोपऱ्यात
काहीतरी काळं,
तिला ते शाईचा डाग वाटलं असणार.